पिकांवरील ताण, जनुके आणि बाटलीतले दावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या शेतीविषयक पानावर मध्यंतरी रब्बी ज्वारीविषयी एक बातमी प्रसिद्ध झाली होती. वाढत्या उन्हामुळे ज्वारीची जनुके बदलत चालली आहेत आणि हे बदल बियाण्यातून पुढच्या पिढीत उतरणार आहेत, असा तिचा आशय होता. त्याच पानाच्या तळाशी पिकातील 'दुष्काळ सोसणारी जनुके जागी करणाऱ्या' एका द्रवरूप उत्पादनाची जाहिरात होती. बातमीमागचा हेतू चांगलाच असणार. पण बातमी आणि जाहिरात एकाखाली एक वाचणाऱ्या शेतकऱ्याच्या मनात जो अर्थ तयार होतो, तो चुकीचा आहे आणि त्याला खर्चात पाडणारा आहे. मी सोलापुरात अनेक वर्षे वनस्पतिशास्त्र शिकवले असून घरची कोरडवाहू शेती मंगळवेढ्याकडे आहे. त्यामुळे या विषयावर थोडे विस्ताराने लिहीत आहे. जागेअभावी काटछाट करावी लागल्यास माझी हरकत नाही. मात्र शास्त्राचा भाग शक्यतो अखंड ठेवावा.

मुळात उन्हाने, पाण्याच्या टंचाईने किंवा जमिनीतील क्षारांनी झाडाची जनुके बदलत नाहीत. ज्वारीचा संपूर्ण जनुकसंच २००९ मध्ये वाचला गेला. त्यात सुमारे ७३ कोटी अक्षरे आणि अंदाजे तीस हजार जनुके आहेत. ताटाच्या मुळाच्या टोकाशी असलेल्या पेशीत आणि कणसाखालच्या पानाच्या पेशीत ही जनुके सारखीच असतात, आणि हस्ताच्या पावसात उगवून आलेल्या रोपात जी असतात तीच फेब्रुवारीच्या उन्हात तडकलेल्या काळ्या रानातल्या ताटातही असतात. बदलते ते एवढेच की, त्यांपैकी कोणत्या जनुकांची प्रत त्या क्षणी काढली जात आहे, किती काढली जात आहे आणि त्या प्रतीवरून प्रत्यक्ष प्रथिन बनते आहे की नाही. जॅकार्डवर सोलापुरी चादर विणताना ताण्याचे सूत तेच राहते आणि कोणते धागे उचलायचे हे छिद्रे पाडलेले पुठ्ठे ठरवतात, तसाच हा प्रकार आहे. जनुकाची प्रत म्हणजे आरएनए. ती काढण्याच्या आणि वापरण्याच्या या प्रक्रियेला शास्त्रात जनुक-अभिव्यक्ती म्हणतात. ताणाखाली होणारा बदल हा या अभिव्यक्तीतला बदल असतो, तो मिनिटा-तासांत घडतो आणि बहुतेक वेळा ताण सरला की ओसरतो.

या गोष्टीचा पहिला पुरावा एका अपघातातून हाती आला. फेरुचिओ रितोसा हे इटालियन शास्त्रज्ञ फळमाशीच्या लाळग्रंथींतील महाकाय गुणसूत्रांचा अभ्यास करत होते. प्रयोगशाळेतील सहकाऱ्याने उबवणपेटीचे तापमान वाढवले आणि रितोसांना गुणसूत्रांवर नेहमीपेक्षा वेगळ्या ठिकाणी फुगीर भाग दिसू लागले. फुगीर भाग म्हणजे जिथे आरएनए जोमाने तयार होत आहे ती जागा. हे निरीक्षण १९६२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या जागांवरून कोणती प्रथिने बनतात हे मात्र १९७४ मध्ये, म्हणजे एका तपानंतर कळले. त्यांना उष्णताघात प्रथिने हे नाव पडले. पुढे जीवाणूंपासून माणसापर्यंत जिथे जिथे शोध घेतला, तिथे तिथे या कुळातील प्रथिने सापडली. वैशाखात पत्र्याखालच्या कारखान्यात यंत्रमागावर उभ्या असलेल्या कामगाराच्या पेशींत आणि त्याच्या गावाकडच्या रानातील तुरीच्या पेशींत उष्णतेला दिले जाणारे पहिले उत्तर मोठ्या अंशी एकच आहे.

हे उत्तर कसे दिले जाते, हे समजून घेण्यासारखे आहे. कारण 'जनुक जागे करणे' या शब्दप्रयोगातील गफलत तिथेच उघडी पडते. प्रथिन ही घडी घातलेली साखळी असते आणि तापमान वाढले की घडी उकलू लागते. उकललेली प्रथिने एकमेकांना चिकटून गोळा होतात आणि पेशी निकामी होते. एचएसपी-७० आणि एचएसपी-९० ही उष्णताघात प्रथिने (एचएसपी हे त्यांचे इंग्रजी लघुनाम) अशा उकललेल्या साखळ्यांना धरून ठेवतात आणि घडी पुन्हा नीट बसायला मदत करतात. एरवी ताण नसताना हीच प्रथिने आणखी एका प्रथिनाला अडकवून ठेवत असतात. त्याचे नाव एचएसएफ, आणि तेच उष्णताघाताची जनुके चालू करणारे नियामक. ऊन वाढले, उकललेली प्रथिने वाढली की एचएसपी त्यांच्याकडे धावतात, एचएसएफ मोकळे सुटते, तीन-तीनच्या गटाने डीएनएवरील ठरावीक जागी बसते आणि एचएसपीच्या जनुकांच्या प्रती झपाट्याने निघू लागतात. पुरेसे एचएसपी तयार झाले की ते एचएसएफला पुन्हा अडकवतात आणि काम थांबते. यात बाहेरून कोणी काही जागे करत नाही. पेशीला झालेली इजाच मोजमाप ठरते आणि त्या मापानेच प्रतिसाद वाढतो-घटतो. फळमाशीत असे नियामक एकच आहे, तर अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातील लहानशा प्रयोगवनस्पतीत ते २१ आहेत. माशी उठून सावलीत जाऊ शकते, झाडाला ती सोय नाही. २१ नियामकांचे कारण बहुधा यातच असावे.

बार्शीकडच्या सोयाबीन उत्पादकांना जवळचे वाटेल असे एक उदाहरण देतो. अमेरिकेतील जॉर्जिया विद्यापीठात १९८० च्या दशकात ज्यो की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोयाबीनच्या कोवळ्या रोपांवर प्रयोग केले. २८ अंशांवर वाढलेली रोपे एकदम ४५ अंशांवर दोन तास ठेवली तर मरत. पण आधी ४० अंशांवर दोन तास ठेवून मग ४५ अंशांवर नेली तर तगत. मधल्या वेळात रोपांनी उष्णताघात प्रथिने साठवलेली असत. म्हणजे जनुके दोन्ही गटांत तीच होती, तापमानही अखेरीस तेच होते. फरक पडला तो ते किती वेळात वाढले याने. आपल्याकडे उन्हाचा चटका हळूहळू चढत जाण्याऐवजी दोन दिवसांत एकदम वाढतो, तेव्हा पिकांचे जास्त हाल होतात, यामागचे एक कारण इथे आहे. हवामानाच्या बातमीत नुसता कमाल आकडा छापण्यापेक्षा तो किती दिवसांत तिथवर पोहोचला हेही छापले, तर शेतीच्या दृष्टीने ती माहिती अधिक कामाची होईल.

पाण्याच्या ताणाची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे आणि सोलापूरकरांसाठी अधिक महत्त्वाची. ओल कमी पडू लागली की ज्वारीचे पान दुपारी सुरळी होते आणि दिवस मावळल्यावर उलगडते, हे प्रत्येक शेतकऱ्याने पाहिलेले असते. पानाच्या वरच्या बाजूला असलेल्या मोठ्या फुगीर पेशींतील पाणी कमी होऊन त्या आक्रसतात म्हणून पान वळते. यात जनुकांचा तत्काळ काही संबंध नाही. त्याच सुमारास पानातील पर्णरंध्रे मिटू लागतात. ज्वारीच्या पानाची पातळ साल सोलून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली तर डंबेलच्या आकाराच्या दोन रक्षक पेशींमध्ये फट दिसते. साल मिठाच्या पाण्याच्या थेंबात ठेवली की पाहता पाहता फट बारीक होत जाते. विद्यार्थ्यांना हा प्रयोग दाखवला की पाठ्यपुस्तकातील आकृतीवर त्यांचा विश्वास बसत असे.

जिवंत झाडात रंध्रे मिटवण्याचा आदेश देते ते ॲब्सिसिक आम्ल हे संप्रेरक. ते १९६० च्या दशकापासून माहीत होते, पण पेशीत त्याला ओळखणारे ग्राहक प्रथिन खात्रीने सापडले २००९ मध्ये. पाणी मुबलक असताना पेशीत एक विकर (एन्झाइम) दुसऱ्या विकराला सतत दाबून ठेवते. संप्रेरक ग्राहकाला चिकटले की ग्राहक त्या दाबणाऱ्या विकराला पकडतो आणि दुसरे मोकळे होते. मोकळे झालेले विकर दोन कामे करते. रक्षक पेशींतील क्षारांचे मार्ग उघडून ते रंध्र काही मिनिटांत मिटवते. आणि काही नियामक प्रथिनांना कामाला लावून शेकडो जनुकांची अभिव्यक्ती बदलते, ज्याचा परिणाम दिसायला तास लागतात. या दुसऱ्या कामातून पेशीतील पाणी धरून ठेवणारी संयुगे, पेशीच्या पटलांना व प्रथिनांना कोरडेपणात सांभाळणारी प्रथिने आणि प्रोलिनसारखी अमिनो आम्ले वाढतात. याच वेळी प्रकाशसंश्लेषणाची आणि वाढीची अनेक जनुके मंदावतात. जाहिरातीत पहिल्या भागाचाच उल्लेख असतो. दुसऱ्या भागाचा, म्हणजे वाढ थांबण्याचा, कधीच नसतो. आणि शेतकऱ्याचे उत्पन्न तर त्या दुसऱ्या भागातच जाते. मिटलेल्या रंध्रातून पाणी जात नाही तसा कार्बन डायऑक्साइडही आत येत नाही.

या किमतीचा सर्वांत स्पष्ट हिशेब जपानमधील एका प्रयोगाने मांडला. दुष्काळ, थंडी आणि क्षार या तिन्हींच्या वेळी उपयोगी पडणारी अनेक जनुके चालू करणारा ड्रेब-१ए हा नियामक तेथील शास्त्रज्ञांनी अरॅबिडॉप्सिसमध्ये असा बसवला की तो चोवीस तास, सर्व पेशींत, ताण असो वा नसो, चालूच राहील. झाडे ताण सोसू लागली, पण खुजी राहिली. मग त्यांनी तोच नियामक अशा बटणामागे जोडला जे ताण आल्यावरच दाबले जाते. ही झाडे जवळजवळ नेहमीसारखी वाढली आणि ताणही अधिक चांगला सोसू लागली. हे काम १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. जनुक तेच, नियामक तोच. केवळ तो केव्हा चालावा एवढाच बदल होता. म्हणून 'अमुक वाणात दुष्काळ सोसणारे जनुक आहे' किंवा 'अमुक औषधाने ते जागे होते' हे विधान कोणी केले, तर त्यापुढचा प्रश्न पिकाच्या कोणत्या अवस्थेत, कोणत्या अवयवात आणि किती काळ, हाच असला पाहिजे. उत्तर नसेल तर विधानाला अर्थ नाही.

आपल्या रब्बी ज्वारीला हा प्रश्न तंतोतंत लागू पडतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरलेले हे पीक पुढे जवळजवळ सगळे साठलेल्या ओलीवरच जगते. ताण पोटरीच्या, म्हणजे कणीस पानाच्या आवरणात असतानाच्या अवस्थेच्या, आधी आला तर त्याचे परिणाम वेगळे, निसवताना म्हणजे कणीस बाहेर पडताना आला तर वेगळे आणि दाणे भरताना आला तर आणखी वेगळे. शेवटच्या प्रकारात ताटे खालून पोकळ होतात, खडखड्या रोग शिरतो आणि वारा आला की रान आडवे होते. यावर जगभर ज्या गुणाचा सर्वाधिक अभ्यास झाला, तो म्हणजे दाणे भरेपर्यंत पाने हिरवी राखण्याचा गुण. मूळच्या इथिओपियातील ज्वारीपासून आलेल्या एका वाणात तो आढळला आणि गुणसूत्रांवरील चार ठिकाणांशी त्याचा संबंध जोडला गेला. सुरुवातीला सर्वांना वाटले की ही पाने वाळू न देणारी काही खास जनुके असणार. पुढच्या संशोधनात दिसले की या ताटांना फुटवे कमी येतात, वरची पाने लहान राहतात, त्यामुळे फुलोऱ्यापूर्वी पाणी कमी खर्च होते आणि दाणे भरण्याच्या वेळी जमिनीत शिल्लक राहते. पाने हिरवी राहतात ती त्या शिल्लक ओलीमुळे. मला हे संशोधन फार मोलाचे वाटते, कारण ताणाच्या दिवशी पेशीत दिसणाऱ्या अभिव्यक्तीकडेच पाहत बसलो असतो तर खरे कारण दोन महिने आधीच्या वाढीत आहे हे कधी कळलेच नसते.

आमच्या भागातील मालदांडी ज्वारीकडेही याच संदर्भात पाहावे. मोहोळ येथे १९३० च्या दशकात स्थानिक ज्वारीतून निवड करून एम ३५-१ हा मालदांडीचा वाण तयार झाला आणि नव्वद वर्षे होत आली तरी तो रानात टिकून आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले तेही याच मालदांडीच्या बळावर. त्या काळी जनुक-अभिव्यक्ती मोजण्याचे साधन नव्हते. १९३३ मध्ये सोलापुरात कोरडवाहू शेतीचे संशोधन सुरू झाले तेव्हा शास्त्रज्ञांजवळ तराजू, पर्जन्यमापक आणि ओल मोजण्याची साधने होती. वाणाची पारख त्यांनी वर्षानुवर्षे रानातच केली. आजच्या साधनांनी त्या पारखीची कारणे सांगता येतात, तिची जागा मात्र घेता येत नाही.

बातमीतील आणखी एक विधान दुरुस्त करणे आवश्यक आहे. उष्णता आणि दुष्काळ या दोहोंचे परिणाम एकात एक मिळवले की एकत्रित परिणाम मिळतो, असे त्यात गृहीत धरले होते. अरॅबिडॉप्सिस आणि तंबाखूवर २००० नंतरच्या काही वर्षांत झालेल्या प्रयोगांनी हे गृहीतक मोडीत काढले. नुसती उष्णता असेल तर झाड रंध्रे उघडी ठेवून पानाला गारवा देते. नुसता पाण्याचा ताण असेल तर ती मिटते. दोन्ही एकदम आले की झाड मिटण्याकडे झुकते आणि पान अधिकच तापते. अभिव्यक्तीतही नव्याच जनुकांचा संच पुढे येतो, जो यांपैकी कोणत्याही एकट्या ताणाखाली दिसत नाही. दुष्काळात साठणारे प्रोलिन या एकत्रित ताणात साठत नाही, त्याऐवजी साखर साठते. सोलापुरात हे दोन ताण क्वचितच वेगळे येतात. दाणे भरताना ओल संपलेली असते आणि त्याच आठवड्यात दुपार तापू लागलेली असते. तेव्हा कुंडीत नुसते पाणी तोडून किंवा नुसत्या तापवलेल्या खोलीत घेतलेल्या चाचणीचा निष्कर्ष आपल्या रानाला जसाच्या तसा लावू नये.

आता मोजमापाविषयी, कारण 'जनुक अभिव्यक्तीत वीसपट वाढ' असे आकडे हल्ली माहितीपत्रकांत सर्रास येतात. पान तोडणे हीच झाडाच्या लेखी जखम असते आणि जखमेला प्रतिसाद देणारी जनुके काही मिनिटांत चालू होतात. म्हणून नमुना तोडताक्षणी द्रवरूप नायट्रोजनमध्ये, म्हणजे उणे १९६ अंशांना, गोठवावा लागतो. अनेक जनुकांची अभिव्यक्ती दिवसाच्या प्रहराप्रमाणे आपोआप चढते-उतरते; त्यामुळे ताणाखालच्या झाडाचा नमुना दुपारी आणि पाणी दिलेल्या झाडाचा सकाळी घेतला तर ताण नसतानाही फरक दिसेल. ज्या जनुकाच्या प्रती मुळात एक-दोनच असतात, त्यात वीसपट वाढ झाली तरी पेशीच्या दृष्टीने ती नगण्य असू शकते. शिवाय आरएनए वाढला म्हणून प्रथिन वाढलेच असे नाही. तीव्र उष्णतेत पेशी बहुतेक आरएनएवरचे काम थांबवते आणि उष्णताघात प्रथिनांच्या प्रतींना प्राधान्य देते. अशा प्रयोगांत एका वेळी हजारो जनुके बदललेली दिसतात. त्यांतील किती जनुके झाडाला तगवतात आणि किती निव्वळ त्याचे हाल नोंदवतात हे त्या यादीवरून कळत नाही. त्यासाठी ते जनुक बंद पाडून किंवा त्याचे नियमन बदलून झाड रानात वाढवावे लागते.

बियाण्यातून पुढे जाण्याविषयीही सावधपणे लिहिले जावे. झाडात ताणाची 'आठवण' राहते हे खरे आहे. एकदा कोमेजून सावरलेल्या अरॅबिडॉप्सिसमध्ये काही जनुकांच्या आसपासच्या, डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन प्रथिनांवरील रासायनिक खुणा शिल्लक राहतात आणि दुसऱ्या वेळी ती जनुके अधिक वेगाने चालू होतात. परंतु ही आठवण सामान्यतः काही दिवसांची असते. ती पुढच्या पिढीत टिकल्याची उदाहरणे आहेत, पण मोजकी, आणि त्यांवर शास्त्रज्ञांत वाद आहे. दुष्काळी वर्षात तगलेल्या ताटांची कणसे निवडून बी राखण्याची आपली जुनी पद्धत योग्यच आहे; मात्र ती यशस्वी होते ती रानात आधीपासून असलेल्या वेगवेगळ्या जनुकीय वंशांतून चांगला वंश निवडला जातो म्हणून. त्या ताटाने त्या वर्षी काही नवे शिकून ते बियाण्यात उतरवले म्हणून नव्हे. हा भेद सुटला तर शेतकरी उद्या संकरित बियाण्याचे दाणे 'ताण सोसलेले' म्हणून राखून पेरील आणि नुकसान करून घेईल.

गंमत अशी की, ताणाचा हिशेबी वापर आपल्या जिल्ह्याला नवा नाही. सांगोला-पंढरपूर भागातील डाळिंब बागायतदार बहार धरण्यापूर्वी बागेचे पाणी मुद्दाम तोडतात, पाने पिवळी पडू देतात, पानगळ करून घेतात आणि मग पहिले पाणी सोडून फूल काढतात. जमीन हलकी असेल तर किती दिवस तोडायचे, भारी असेल तर किती, मागच्या हंगामात झाडावर किती फळ होते, याचा विचार करूनच ते ठरवतात. ताण कमी पडला तर नुसती पालवी फुटते, जास्त झाला तर फांद्या वाळतात. पानगळीसाठी फवारतात ते इथेफॉन झाडात इथिलिन वायू सोडते आणि इथिलिन हे संप्रेरकच आहे. त्याच्या संकेतानेही जनुक-अभिव्यक्तीच बदलते. म्हणजे संप्रेरके आणि अवस्था यांचा मेळ घालण्याचे काम हा बागायतदार अनुभवाने करतच आला आहे. केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रासारखी संस्था शहराच्या वेशीवर असताना या अनुभवाला आणि प्रयोगशाळेतील मोजमापाला एकत्र आणणारे लेखन मराठी दैनिकांत जवळजवळ येतच नाही, ही खेदाची बाब आहे.

जनुकांच्या नियमनात हात घालणारे खरे तंत्रज्ञान येत आहे आणि त्याला माझा आंधळा विरोध नाही. मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने जनुक-संपादित भाताचे दोन वाण जाहीर केले. त्यांपैकी 'पुसा डीएसटी राइस १' मध्ये डीएसटी नावाच्या नियामक जनुकात बदल केलेला आहे. हा नियामक एरवी झाडाच्या ताण सोसण्याच्या क्षमतेला आवर घालतो; तो निष्प्रभ झाला की भाताच्या पानावर रंध्रे कमी येतात. या वाणांवर आक्षेपही घेतले गेले आहेत आणि चाचण्यांची सविस्तर आकडेवारी लोकांसमोर ठेवावी ही मागणी रास्तच आहे. पण इथे निदान कोणते जनुक, कोणता बदल आणि कोणता परिणाम, हे स्पष्ट सांगितलेले आहे. त्यामुळे ते तपासता येते, खोडता येते.

बाटलीतल्या उत्पादनांचे तसे नाही. जैवउत्तेजके, म्हणजे पिकाची वाढ किंवा ताण सोसण्याची क्षमता वाढवण्यासाठी दिली जाणारी अशी उत्पादने, फेब्रुवारी २०२१ पासून खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आली आहेत. समुद्री शेवाळाचा अर्क, अमिनो आम्ले, ह्युमिक आम्ल यांपैकी काहींचा योग्य वेळी योग्य प्रमाणात उपयोग होऊ शकतो, हेही मी नाकारत नाही. गेल्या हंगामात एका कृषी प्रदर्शनात विक्रेत्याने मला रंगीत आलेख दाखवला. त्यात ताणाच्या तीन जनुकांचे स्तंभ उंच गेलेले होते. पीक कोणते, असे विचारले तेव्हा त्याने रोपवाटिकेतील टोमॅटो असे सांगितले. फवारणीनंतर किती तासांनी नमुना घेतला, याचे उत्तर त्याच्याजवळ नव्हते. ताण नसलेल्या रोपांचा स्तंभ आलेखात नव्हताच. शेजारच्या टेबलावर दोघे जण मात्र हीच बाटली ज्वारीसाठी विकत घेत होते. निरोगी पिकात ताणाची जनुके उंच गेलेली दिसणे ही चांगली बातमी असेलच असे नाही. फवाऱ्यानेच पिकाला इजा केली असेल तरीही स्तंभ तसाच उंच जाईल.

माझी आपल्याला विनंती अशी आहे की, जनुकांचा उल्लेख असलेली शेतीविषयक बातमी छापण्यापूर्वी आपल्या प्रतिनिधीने पीक, वाण, अवस्था, नमुन्याची वेळ, तुलनेचे पीक आणि एकरी उत्पन्नातील फरक एवढे विचारून घ्यावे, आणि उत्तरे मिळाली नाहीत तर ती मिळाली नाहीत असे बातमीतच लिहावे. जाहिरातींवर आपले नियंत्रण मर्यादित असेल हे मी समजू शकतो. तरी बातमी आणि त्याच विषयाची जाहिरात एका पानावर न छापणे आपल्या हातात आहे. जिल्ह्यातील कोरडवाहू संशोधन केंद्र आणि ज्वारी संशोधनाच्या संस्था दरवर्षी वाणांच्या चाचण्या घेतात. दाणे भरण्याच्या आठवड्यातील जमिनीची ओल, दुपारचे व रात्रीचे तापमान आणि त्या रानात कोणते वाण किती उतरले याचा साधा तक्ता त्यांच्याकडून घेऊन दरवर्षी एप्रिलमध्ये छापला, तर पुढच्या सप्टेंबरात बियाणे निवडताना तो कामी येईल. ज्याच्याजवळ विहिरीत एकाच पाळीपुरते पाणी आहे, त्याला ते पोटरीच्या सुमारास द्यावे की पुढे ढकलावे, कोळपणीने भेगा केव्हा बुजवाव्यात, हेही त्याच तक्त्याच्या आधारे सांगता येईल आणि त्यासाठी कोणतीही बाटली विकत घ्यावी लागणार नाही.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक,
जुळे सोलापूर